पाण्याचा वाटा

भद्रावती, ११ मार्च १९८९, शनिवार

आज आलेलं सामान: टीव्हीसारखा दिसणारा डबा एक, त्याच्याखाली ठेवायची लोखंडी पेटी एक, अक्षरांची पाटी एक, छापायचं यंत्र एक, विजेसाठी स्टॅबिलायझर एक, दोन्ही कडांना भोकं असलेल्या घडीच्या कागदाची खोकी दोन. हे सगळं ठेकेदाराचं. किंमत चाळीस हजारांच्या वर, असं हे म्हणाले, आणि म्हणताना आवाज बारीक केला. आमच्या पदरचं: नारळ चार रुपये, उदबत्ती बारा आणे, यंत्रावर झाकायला मांजरपाट दोन मीटर, तेरा रुपये. हमालांचा चहा घरचाच.

मूल गावाहून इथे येऊन आठवडा झाला. ह्यांना ठेकेदाराकडे टाइपिस्टची नोकरी लागली आणि कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून तो आमच्याच समोरच्या खोलीत ठेवायचं ठरलं. त्या खोलीचं भाडं ठेकेदार देणार. महाकाली मातेची कृपा. मी तिच्या फोटोसमोर नारळ फोडला, मग यंत्राला हळदकुंकू लावलं. ह्यांनी आत कुंकू जाऊ देऊ नको म्हणून डोळे वटारले.

घरमालकीण अंजनाबाई डबा उतरताना पाहून पदराला हात पुसत आल्या. विचारू लागल्या, रविवारची मालिका यात रंगीत दिसते का साधी. ह्यांनी सांगितलं की यात मालिका नाही, नोटिसा निघतात. तर म्हणे, 'नोटिसा पाहाले एवढा डबा? आमच्या इथी त पोस्टमन हातात आनून देते.' सगळे हसले. कमला रिकाम्या खोक्यात बसून दिवसभर बैलगाडी हाकत होती. पाच वर्षांची झाली, पण अजून बैल तीच आणि गाडीवान तीच.

कागद बसवताना माणसांनी बरीच पानं वाया घालवली. एका बाजूनं कोरी आहेत. मी ती उचलून ठेवली, दोऱ्यानं शिवली. त्याचीच ही वही.

१४ मार्च, मंगळवार

काम असं आहे. इथून पुढे मोहबोडी नावाचं गाव आहे, ते कोळशाच्या खाणीसाठी उठवायचं आहे. प्रत्येक घराला एक कागद द्यायचा. त्यात घरात कोण कोण, वय काय, नातं काय. त्यावरून त्यांना दुसरीकडे जागा मिळणार.

नागपूरचे इंजिनिअर शिकवायला आले होते. ह्यांना दुपारी चंद्रपूरला बोलावणं आलं, म्हणून उरलेलं मीच शिकले. विसरू नये म्हणून माझ्या शब्दांत लिहून ठेवते.

वरचा मजकूर सगळ्या घरांना सारखा, तो एकदाच लिहायचा. त्याखाली माणसाची चौकट: नाव, वय, नाते. तीसुद्धा एकदाच काढायची आणि तिच्या वर एक खूण, खाली एक खूण ठेवायची. नावांची यादी वेगळी. यंत्र यादीतलं एक माणूस घेतं, चौकट भरतं, पुन्हा चौकट काढतं, पुढचं माणूस घेतं. घरात दोघं असोत की बाराजणं, चौकट आपोआप तितक्या वेळा येते. याला सगळं मिळून नमुना म्हणायचं.

मी विचारलं, मग थांबायचं कधी हे त्याला कसं कळतं? साहेबांना प्रश्न आवडला. म्हणाले, घरातली माणसं संपली की यादीत एक ओळ रिकामी सोडायची. रिकामी दिसली की यंत्र थांबतं. ती भरली तर ते थांबणार नाही, माणसं घेतच सुटेल. हे त्यांनी दोनदा बजावलं.

मॅट्रिक झाल्यानंतर पहिल्यांदाच कोणी मला काही शिकवलं. रात्री पोळ्या लाटताना मनात चौकटीच येत होत्या.

१५ मार्च, बुधवार

आज नमुना केला. पहिली परीक्षा आपल्याच घरावर. श्रावण, वय ३४, कुटुंबप्रमुख. गिरजा, वय २८, पत्नी. कमला, वय ५, मुलगी. कर्रर आवाज करत कागद वर आला आणि तीन चौकटी एकाखाली एक उभ्या. स्वतःचं नाव छापलेलं पहिल्यांदा पाहिलं. लग्नपत्रिकेत होतं, पण तेव्हा कुणी मला ती वाचायला दिली नव्हती.

पण मला कागद कसातरीच वाटला. तिसऱ्या चौकटीपाशी तुटल्यासारखा.

आम्ही ढिवर. माझ्या माहेरी तळ्यावर मासळी धरली की पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, तिचे वाटे घालत. घरागणिक एक वाटा. सगळ्यांचे झाले की आणखी एक, कोणाचाच नाही असा. तो पाण्याचा वाटा. आजोबा तो ओंजळीत घेऊन तळ्यात सोडत आणि हात जोडत. बरोबर मोजून थांबायचं नाही, असं घरात सगळ्यांना ठाऊक. आम्हा पोरींना भाकरी वाढतानासुद्धा एक तुकडा टोपलीत ठेवायची सवय होती.

म्हणून मी खालची खूण एक ओळ खाली सरकवली. आता यंत्र थांबतं तिथली रिकामी चौकटही छापली जाते. नाव कोरं, वय कोरं, नाते कोरं. कागद भरल्यासारखा दिसू लागला. ह्यांनी विचारलं तर सांगितलं, एखाद्या घरी बाळ जन्मलं तर हातानं लिहिता येईल. ह्यांनी पाठ थोपटली, साहेबांनाही सांगितलं म्हणे.

परीक्षेचं हे चार चौकटींचं पान टाकून कशाला द्यायचं, त्याच्याच मागे हे लिहिते आहे.

२० मार्च, सोमवार

सगळ्या गावाचे कागद छापून झाले. मोहबोडीचे कोतवाल मुखरूभाऊ गठ्ठा न्यायला आले. तेही ढिवर निघाले. माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं, चहात साखर जास्त घातली.

त्यांना वाचता येतं. एक कागद लांब धरून पाहिला, शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि हसले. म्हणे, 'कागदावरबी पाण्याचा वाटा काढला का जी बाई?' मी लाजले. मग त्यांनी आणखी दोन-चार कागद उलटून पाहिले. हसू गेलं. म्हणे, घरोघरी काढला, चांगलं केलं, पण काढला तर सोडावासुद्धा लागतो. हा कोण सोडणार?

मी म्हटलं, भाऊ, कागदच तो. त्यांनी चहा अर्धा ठेवला.

२७ मार्च, सोमवार

जागेचे आकडे बदलले, म्हणून सगळे कागद पुन्हा काढायला लागले. नमुन्यात एकदा बदललं की सगळ्या घरांत बदलतं, त्यामुळे कामाचा त्रास नाही. पण एक चूक निघाली.

रामाजीचं घर. त्यात चौघं: रामाजी, बायको मनकर्णा, आई सोमारी, मुलगा इसरू. गेल्या खेपेला बरोबर होतं. आज तिसरी चौकट कोरी आली. सोमारी खाली, शेवटच्या चौकटीत. नाव सोमारी, वय ७०, नाते वाटा. आणि तिच्याखाली आणखी एक चौकट, कोरी.

'वाटा' हा शब्द मी कुठेच लिहिलेला नाही. यादी उघडून पाहिली, तिथे सोमारी तिसऱ्या ओळीत, नाते आई. पुन्हा छापलं. पुन्हा तसंच. कागद हाताला गार लागला आणि त्याला वास आला, तळं आटताना गाळाला येतो तसा. स्टॅबिलायझर तापला असेल म्हणून हे पंखा लावून बसले.

ते एक पान मी बाजूला ठेवलं. बाकीचे उद्या जातील.

२९ मार्च, बुधवार

मुखरूभाऊ आले ते दारातच उभे राहिले. सोमारी परवापासून नाही. टोपली घेऊन तळ्यावर झिंगे धरायला गेली होती. टोपली काठाला मिळाली. पाणी गुडघाभर. माणसांनी हात धरून साखळी केली आणि सगळं तळं तुडवून काढलं. काही नाही.

मी बाजूला ठेवलेलं पान त्यांना दाखवलं. त्यांनी विचारलं, म्हातारी सोमवारी दुपारी गेली, हे कागदावर कधी आलं? मी सांगितलं, सकाळी.

'काऊन नाई सांगतलं, बाई?' एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

३१ मार्च, शुक्रवार

खालची खूण परत जागेवर आणली. आता शेवटची कोरी चौकट छापायला नको. तरी छापली जाते. नमुना पुसून पहिल्यापासून नवा केला. तरी. नागपूरला ट्रंककॉल लावला, एकवीस रुपये. साहेब म्हणाले, यंत्र फक्त लिहिलेलं छापतं, तुमच्या हातून काहीतरी लिहिलं गेलं असेल.

खरं आहे. माझ्याच हातून.

कमला चिंचोके मांडून खेळत होती. बाबाचा, आईचा, कमलाचा. मग चौथा ढीग. मी विचारलं हा कोणाचा, तर म्हणाली, 'तो मांगते.' कोण मागतो, तर तिनं समोरच्या खोलीकडे पाहिलं. मी चिंचोके उचलून चुलीत टाकले. ती रडली नाही.

३ एप्रिल, सोमवार

सकाळी रामाजीच्या घराचा कागद पुन्हा काढून पाहिला. इसरूची चौकट कोरी. खाली सोमारीनंतर: इसरू, वय २०, वाटा. त्याच्याखाली कोरी.

ह्यांना हात जोडले. ह्यांनी आधी मला वेडी म्हटलं, मग माझं तोंड पाहून सायकल काढली.

संध्याकाळ. हे उशिरा पोचले. ठेकेदारानं तळं उपसायला इंजिन लावलं आहे, इसरू त्याच इंजिनवर रोजानं होता. नळाच्या तोंडात गाळ अडकला म्हणून उतरला. चार माणसं काठावर बिड्या ओढत होती. पाणी घोट्याइतकं. ते म्हणतात, वाकला, आणि वाकलेला तो वर आलाच नाही. रामाजी इंजिनपाशी बसून आहे, उठत नाही.

ह्यांनी मला आता वेडी म्हटलं नाही. जेवले नाहीत.

५ एप्रिल, बुधवार

मुखरूभाऊंना विचारलं, उपाय सांगा. त्यांनी जे सांगितलं ते असं. पाण्याचा वाटा आपण आपल्या हातानं का सोडतो? कारण आपण निवडला तर लहान मासळी जाते. आपण नाही दिला, तर ते आपल्या मनानं निवडतं. आणि त्याला मासळी अन् माणूस यात फरक माहीत नाही.

कागद तळ्यात सोडून या, म्हणाले. जेवढे मिळतील तेवढे.

८ एप्रिल, शनिवार

गावातून मिळाले तेवढे कागद घेतले. काहींनी दिले, काहींनी मोबदला बुडेल म्हणून दिले नाहीत. मनकर्णानं आपला कागद माझ्या अंगावर फेकला.

पाळीवर चढले. तळं नाही. गाळ वाळून त्याला भेगा, मध्ये एक ओला डाग, त्यावर बगळासुद्धा नाही. इंजिननं सगळं ओढून रानात सोडलं. मी गठ्ठा उराशी धरून उभी. सोडू कशात?

मुखरूभाऊ खाली बसले. म्हणे, 'आता ते गेलं, बाई. घर नाई त्याले. कुठीबी जाईल.'

९ एप्रिल, रविवार

आमच्या घराचा कागद. विसरलेच होते. परीक्षेचं पान म्हणून यादीत पहिलं घर आमचंच. दर खेपेला तेच आधी छापलं जातं आणि मी न पाहता बाजूला टाकत होते.

सगळी पानं काढून पाहिली. तीन नावं जागच्या जागी. चौथी चौकट कोरी. अजून कोरी आहे.

कमलाला दादाजीकडे पाठवायचं. माझा भाऊ जिवतीला शाळेत मास्तर आहे. डोंगरावरचं कोरडं रान. तळं नाही, नदी नाही, उन्हाळ्यात बाया कोसभरावरून पाणी आणतात. माझ्या लग्नात तो म्हणाला होता, आमच्याकडे मासा फक्त पुस्तकात. तिथेच जाऊ दे पोरगी.

१० एप्रिल, सोमवार

हे कमलाला घेऊन पहिल्या गाडीनं गेले. फ्रॉकच्या खिशात मातेचा अंगारा बांधून दिला. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात काढून चार बोटं दाखवली. आम्ही तिघंच तर आहोत.

दुपारी ठेकेदाराची माणसं येऊन यंत्र घेऊन गेली, गावातले कागद परत घेतले म्हणून ह्यांना कामावरून कमी केलं. बरं झालं. यंत्र होतं तिथली फरशी ओली आहे. पुसली. परत ओली.

११ एप्रिल, मंगळवार

रात्रभर देवीपुढे बसले. हे परतले, कमला मजेत आहे म्हणाले, मामीच्या मांडीवर झोपली.

मुखरूभाऊंचं बोलणं मनातून जात नाही. आपण निवडावं. मग निवडते. पंधरा मार्चच्या पानाच्या पुढच्या बाजूला, चौथ्या चौकटीत, माझ्या हातानं, शाईनं लिहिलं. नाव गिरजा. वय २८. नाते वाटा.

आई महाकाली, मी कोणाच्या लेकराचं नाव लिहिलं नाही. माझं लिहिलं. आता मन शांत आहे. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१३ एप्रिल, गुरुवार

पाहायला नको होतं.

माझ्या अक्षराखाली पाचवी चौकट. छापलेली. यंत्र घरात नाही. कोरी —

रिकामी दिसली की थांबतं. साहेब दोनदा म्हणाले होते. मी ती भरली. माझ्या हातानं. थांबायची जागाच मी —

हे मुखरूभाऊंना आणायला गेले आहेत.

१४ एप्रिल, शुक्रवार

हे आले नाहीत. मोहबोडीत पोचलेच नाहीत, असा निरोप. पानावर श्रावणची चौकट पाहत नाही. पाहणार नाही.

अंजनाबाई विचारतात समोरच्या खोलीतून पाणी काऊन येते, नळ त बंद आहे.

१५ एप्रिल, शनिवार

दादाजीचं कार्ड आलं. बाराव्या तारखेचं. खुशीत आहे. लिहितो, गिरजे, तुझ्या पोरीचा पायगुण मोठा. शाळेच्या मागे खडकात आपोआप झरा फुटला. दोन दिवसांत डबकं झालं, आता तर पोरं पोहतील एवढं. गाव नारळ फोडतंय. कमला दिवसभर काठावर बसून असते, चिंचोके मांडते. उठवलं तर म्हणते —

पान उलटलं. पहिली चौकट कोरी. तिसरीसुद्धा कोरी होत चालली आहे, 'कम' गेलं, 'ला' अजून आहे. अजून आहे!

बाहेर जाता येत नाही. समोरच्या खोलीत गुडघ्यापर्यंत. दरवाजा लागत नाही, उघडत नाही. खिडकीतून अंजनाबाईंना हाक मारली आहे. हे पान फाडून देते, त्या कोरपन्याच्या गाडीत देतील, तिथून जिवतीला.

दादा, हे वाचशील तेव्हा जिथे असशील तिथून उठ. पोरीला झऱ्यावरून आण. नारळ नको, पूजा नको. तिला वरच्या माळावर ने, जिथे काही उगवत नाही तिथे. तिनं चिंचोके मांडले तर शेवटचा ढीग उचलू नकोस, त्याच्यापुढची जागा भरू नकोस, ती रिकामी राहू दे, रिकामीच —

वाटा माझा आहे. मी लिहिला आहे. मी जाते आहे. माझ्यावर थांबेल. थांबायलाच पाहिजे.

पाणी गार आहे. माहेरच्या तळ्यासारखं.

दादा, उलट टपाली एवढंच कळव, कमलाचा हात तुझ्या हातात आहे का. दोन ओळी लिही. एकच लिही. तिचं नाव लिहून पाठव, म्हणजे मला कळेल की ती अजून —